शेवटच्या चौकातली सही

१.
आजचा धागा गाण्यांचा आहे. रॉक बॅलड, रॉक संगीतिका आणि आपल्या कानांत कायमच्या मुरलेल्या संकेतधुना यांच्यामागच्या काही गोष्टी सांगायच्या आहेत. त्या चमत्कारिक आहेत, काही तर अविश्वसनीय वाटाव्यात अशा आहेत. परंतु प्रत्येक गाण्यापाशी थांबून मी एकच प्रश्न विचारणार आहे. या गाण्याखाली सही कोणाची? इतिहासाच्या विद्यार्थ्याने कागद हाती येताच आधी मायना आणि मोर्तब पाहावे, तसे गाण्याच्या बाबतीतही करून पाहू.

२.
सुरुवात आपल्याच घरातून करू. ‘बॅलड’ या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. हॅरी आर्बथनॉट ॲकवर्थ नावाच्या इंग्रज सनदी अधिकाऱ्याने शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या सोबतीने १८९१ मध्ये ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’ हा संग्रह प्रसिद्ध केला आणि १८९४ मध्ये त्यांतल्या काही रचना इंग्रजीत नेताना पोवाड्याला ‘बॅलड’ हेच नाव दिले. हा ॲकवर्थ मुंबईचा महापालिका आयुक्त होता. वडाळ्याचे कुष्ठरोग रुग्णालय आजही त्याच्याच नावाने ओळखले जाते. त्या रस्त्याने रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की दवाखान्यावरच्या या नावाने आपले पोवाडे छापून राखले?

३.
या संग्रहामुळे परिचित झालेला सर्वांत प्रसिद्ध पोवाडा अफजलखानाच्या वधाचा. प्रसंग १० नोव्हेंबर १६५९ चा. शाहीर अज्ञानदास. तो आपले नाव स्वतःच पोवाड्यात गुंफतो आणि घोडा व सोन्याचा तोडा बक्षीस मिळाल्याचेही सांगून टाकतो. म्हणजे रचनाकार कोण, आश्रय कोणाचा आणि मोबदला काय, या तिन्ही गोष्टींची नोंद गाण्यातच. आधुनिक ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावरही इतका प्रामाणिक तपशील क्वचित सापडतो. गंमत अशी, की ही सहीसुद्धा निर्विवाद वाचली गेलेली नाही. काही अभ्यासक ‘अगीनदास’ असा पाठ मानतात. पण वाद घालायला तरी सही आहे.

४.
दुसरे उदाहरण सिंहगडाच्या पोवाड्याचे. शाहीर तुळशीदास. तानाजी मालुसऱ्यांनी ४ फेब्रुवारी १६७० च्या सुमारास गड जिंकला आणि तेथेच ते पडले, हे इतिहासाला मान्य आहे. यशवंती घोरपड मात्र पोवाड्याची. तानाजींच्या मृत्यूनंतर कोंढाण्याचे नाव सिंहगड पडले, ही लोकप्रिय कथाही अशीच. शिवाजी महाराजांच्या १६६३ च्या पत्रात ‘सिंहगड’ हे नाव आधीच आलेले आहे. मग तुळशीदास खोटा ठरतो का? मला तसे वाटत नाही. शाहिराने आपले नाव सांगितले आहे, म्हणून हे कथन कोणाचे, त्याचा श्रोता कोण आणि त्याला काय रुचत असेल, असे प्रश्न आपण त्याला विचारू शकतो. निनावी कथेला उलटतपासणीसाठी उभे करता येत नाही. नाममुद्रेचे खरे मोल मला येथे दिसते: मानापेक्षाही ती उत्तरदायित्वाची खूण आहे.

५.
हे उत्तरदायित्व प्रत्यक्षात कसे दिसते, ते पाहण्यासाठी एकदम उत्तर अमेरिकेत जाऊ. तारीख पुन्हा १० नोव्हेंबर, पण साल १९७५; हा निव्वळ योगायोग. सुपीरियर नावाच्या सरोवरात वादळात सापडून ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ हे मालवाहू जहाज बुडाले. जहाजावरचे सर्व २९ जण मृत्युमुखी पडले. कॅनडाचा गायक गॉर्डन लाइटफूट याने नियतकालिकात त्याची हकिकत वाचली आणि १९७६ मध्ये त्यावर दीर्घ बॅलड गायले. सहा मिनिटांहून लांब, समूहस्वराची झील नाही, शेवट शोकाचा. तरीही अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले.

६.
त्या गाण्यात जहाजाचे झाकण निखळल्याचा उल्लेख होता. ऐकणाऱ्याचा समज असा होई, की खलाशांनी झाकणे नीट बंद केली नसावीत. मेलेल्या माणसांवर हा ठपका चौतीस वर्षे गाण्यातून फिरत राहिला. पुढे नव्या तपासातून दुर्घटनेला खलाशांची चूक कारणीभूत नसल्याचे म्हणणे पुढे आले, तेव्हा लाइटफूटने २०१० पासून आपल्या मैफलींत ती ओळ बदलून गायला सुरुवात केली. डेट्रॉइटच्या ज्या चर्चमध्ये मृतांसाठी घंटा वाजली, त्या वास्तूला गाण्यात कुबट म्हटल्याबद्दल तिथल्या भाविकाने नापसंती दाखवली, तर त्याने तेही विशेषण बदलले. ज्याची सही होती त्याला लोकांनी जाब विचारला आणि त्याने उत्तर दिले. शाहिरीची परंपरा याहून वेगळे काय सांगते?

७.
आता रॉकमधला कदाचित सर्वांत प्रसिद्ध ‘पोवाडा’. डीप पर्पलचे ‘स्मोक ऑन द वॉटर’ गिटार हाती धरणारा प्रत्येक मुलगा पहिल्या महिन्यात वाजवतो. पण ते एका आगीचे वृत्त आहे, हे त्याला माहीत असतेच असे नाही. ४ डिसेंबर १९७१ रोजी स्वित्झर्लंडमधील मॉन्ट्रो येथे फ्रँक झॅपाच्या मैफलीत कोणा श्रोत्याने छताच्या दिशेने दारूकामाचा बाण सोडला आणि सारे कॅसिनो जळून गेले. डीप पर्पल त्याच इमारतीत ध्वनिमुद्रण करण्यासाठी आले होते. सरोवरावर पसरलेला धूर त्यांनी पाहिला. काही दिवसांनी सकाळी झोपेतून उठताना वादक रॉजर ग्लोव्हर याच्या तोंडी ते शीर्षक आले.

८.
गाण्यात स्थळ आहे, घटना आहे, कारण आहे आणि माणसे नावानिशी आहेत. श्रोत्यांना बाहेर काढण्यासाठी धावलेला मॉन्ट्रो महोत्सवाचा संस्थापक क्लॉड नॉब्ज हा त्यात टोपणनावाने येतो. बाण सोडणाऱ्याचे नाव मात्र गाण्यात नाही. शाहिराची हीच तर निवड असते: कोणाला अमर करायचे आणि कोणाला निनावी ठेवायचे.

९.
हे गाणे गाणारा इयन गिलन त्याच्या थोडे आधी चक्क येशू ख्रिस्त झाला होता. अँड्र्यू लॉइड वेबर आणि टिम राइस या दोन तरुण इंग्रजांना ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ रंगमंचावर आणायला निर्माता मिळेना, म्हणून १९७० मध्ये त्यांनी आधी ध्वनिमुद्रिकाच काढली. त्यात येशूचा आवाज गिलनचा आणि यहूदाचा मरे हेड याचा. ध्वनिमुद्रिका गाजली आणि मग १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर नाटक उभे राहिले. नाटकाआधी नाटकातली गाणी घराघरांत पोहोचली होती. आणखी एक उलटफेर पाहा: ज्या गाण्यावरून नाटकाचे नाव पडले, ते येशूच्या तोंडी नाहीच. ते विश्वासघातकी ठरलेला यहूदा गातो. प्रश्न विचारण्याचा अधिकार नाटककारांनी त्यालाच दिला.

१०.
येथे गोष्ट मराठी होते. १९७४ मध्ये अलेक पदमसी यांनी ही रॉक संगीतिका मुंबईत आणली, तेव्हा यहूदा झाला होता एक मराठी मुलगा, नंदू भेंडे. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे या नाट्यदांपत्याचा मुलगा. घरात मराठी रंगभूमी आणि गळ्यात रॉक. ‘वेल्व्हेट फॉग’ या वाद्यवृंदातून तो गात असे. सत्तरच्या दशकातील मुंबईत रॉक म्हणजे दक्षिण मुंबईतल्या इंग्रजी बोलणाऱ्यांचे खूळ, अशी समजूत होती. त्या समजुतीच्या ऐन मध्यभागी हा मराठी आवाज उभा होता.

११.
भेंडे यांच्या पुढच्या भूमिकेकडे जाण्याआधी थोडे बर्लिनला जावे लागेल. ३१ ऑगस्ट १९२८ रोजी तेथे बर्टोल्ट ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांची ‘थ्री पेनी ऑपेरा’ रंगमंचावर आली. तिचे मूळ बरोबर दोनशे वर्षांपूर्वीचे, म्हणजे १७२८ चे, जॉन गे यांचे लंडनमधील ‘बेगर्स ऑपेरा’. प्रयोग तोंडावर आला असताना गुंड मॅकहीथची भूमिका करणारा हाराल्ड पाउल्सेन रुसला. आपल्या प्रवेशाआधी वातावरण तयार करणारे गाणे त्याला हवे होते. ब्रेख्त आणि वाइल यांनी घाईघाईने गाणे रचले खरे, पण ते पाउल्सेनच्या तोंडी न देता रस्त्यावरच्या गायकाला दिले आणि त्यात मॅकहीथच्या खुनांची यादीच वाचून दाखवली. नटाचा हट्ट असा पुरवला, की त्याचीच पाचावर धारण बसावी.

१२.
या गानप्रकाराला जर्मन लोक ‘मोरिटाट’ म्हणतात. जत्रेत चित्रे टांगून, काठीने एकेक चित्र दाखवत, गायक खुनाच्या व फाशीच्या कथा सांगे. पिंगुळीची चित्रकथी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही. विषय तेवढा रामायणाऐवजी रक्तपाताचा. ऐनवेळी जोडलेले हे गाणे पुढे ‘मॅक द नाइफ’ म्हणून जगभर गेले. १९५५ मध्ये लुई आर्मस्ट्राँगने ते गायले आणि १९५९ मध्ये बॉबी डॅरिनच्या आवाजात ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले.

१३.
आणि आता या धाग्यातली माझी सर्वांत लाडकी नोंद. १९२८ च्या त्या पहिल्या प्रयोगात जेनीची भूमिका वाइल यांची पत्नी लोटे लेन्या करत होती. छापील कार्यक्रमपत्रिकेत तिचे नाव चुकून गळले, वाइल संतापले. सत्तावीस वर्षांनी आर्मस्ट्राँग हे गाणे ध्वनिमुद्रित करत असताना लेन्या तेथे हजर होती. त्याने गाण्यातल्या बायकांच्या नावांच्या ओळीत सहज तिचे नाव घालून टाकले. डॅरिनने ते तसेच ठेवले. त्यामुळे आज ते गाणे कोठेही वाजले, की पात्रांच्या मेळ्यात एक खरी अभिनेत्री नावानिशी उभी राहते. कार्यक्रमपत्रिकेने गमावलेली सही गाण्याने परत दिली.

१४.
प्रत्येकाला असा न्याय मिळत नाही. गे यांच्या नाटकाचा जर्मन अनुवाद एलिझाबेथ हाउप्टमान यांनी केला. सारी इमारत त्या पायावर उभी होती. उत्पन्नात त्यांचा वाटा होता साडेबारा टक्के. आज या नाटकाचे नाव निघाले, की दोनच नावे आठवतात आणि त्यांत हाउप्टमान नसतात. ब्रेख्तने फ्रान्स्वा व्हियोंच्या कवितांच्या दुसऱ्याने केलेल्या जर्मन अनुवादातून ओळी उचलल्याचे समीक्षक आल्फ्रेड केर यांनी १९२९ मध्ये दाखवून दिले, तेव्हा बौद्धिक मालकीच्या बाबतीत आपण मुळातच ढिले आहोत, अशा अर्थाचे उत्तर ब्रेख्तने दिले होते. गरिबांच्या शोषणावर नाटक लिहिणाऱ्याचा हा ढिलेपणा इतिहासाने नोंदवून ठेवला पाहिजे.

१५.
याच नाटकाला पु. ल. देशपांडे यांनी १९७८ मध्ये ‘तीन पैशाचा तमाशा’ केले. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, संस्था पुण्याची थिएटर अकॅडमी. ऋण लपवण्याचा प्रश्नच नव्हता. ते शीर्षकातच कबूल केलेले होते. लंडनचा मॅकहीथ येथे अंकुश झाला आणि अंकुशच्या भूमिकेत आले नंदू भेंडे. एकाच रंगमंचावर तमाशाचा बाज, नाट्यसंगीताचा ठसका आणि रॉकचा खडा आवाज. १७२८ च्या लंडनमधून निघालेला चोर बर्लिनमार्गे पुण्यात आला आणि मराठीत रॉक गाऊ लागला, एवढे एक वाक्य सांगितले तरी सांस्कृतिक इतिहासाचा एक तास होतो.

१६.
पुढची नोंद मोहन्यातली, म्हणजे माझ्या गावातली. कल्याणच्या पुढे, कसारा मार्गावरच्या आंबिवली स्थानकाजवळचे, उल्हास नदीकाठचे हे गाव. आमच्याकडे गोकुळाष्टमीला हंडी बांधली, की ‘डिस्को डान्सर’मधले कृष्णाला पृथ्वीवर बोलावणारे गाणे ध्वनिक्षेपकावर लागलेच म्हणून समजावे. चित्रपट १९८२ चा, संगीत बप्पी लाहिरी यांचे, पडद्यावर मिथुन चक्रवर्ती. थर लावणारी पोरे ते मिथुनचे गाणे म्हणत. वडीलधारे बप्पीचे म्हणत. ज्याचा गळा त्यात होता, त्याचे नाव आमच्या आळीत मी कधी कोणाच्या तोंडून ऐकले नाही. तो गळा नंदू भेंडे यांचा.

१७.
याच्याही खाली आणखी एक थर आहे. ही चाल टीलमन ब्रदर्स या वाद्यवृंदाच्या गाण्यावरून घेतलेली. हे बंधू मूळचे इंडोनेशियातले. १९५७ मध्ये कुटुंब नेदरलँड्सला गेले आणि तेथे त्यांनी ‘इंडो-रॉक’ नावाची धारा रूढ केली. त्यांच्या त्या मूळ गाण्याचे नाव काय होते? ‘जीझस’. म्हणजे मुंबईच्या रंगमंचावर येशूला प्रश्न विचारणारा यहूदा ज्याने साकारला, त्यानेच आठ वर्षांनी येशूच्या नावाच्या चालीवर कृष्णाला हाक मारली. आणि मोहन्याच्या गोविंदांनी त्या हाकेवर सहा थर लावले. देव बदलला, भाषा बदलली, खंड बदलला. सुरांनी तक्रार केली नाही. नावे तेवढी वाटेत गळाली. टीलमन बंधूंचे गळाले, भेंड्यांचेही. ११ एप्रिल २०१४ रोजी नंदू भेंडे गेले, त्या वर्षीच्या गोकुळाष्टमीलाही आमच्या नाक्यावर ते गाणे वाजले.

१८.
संकेतधुनांची कथा याहून विरळ आहे, कारण त्यांना शब्दच नसतात; सही कोठे करायची? आकाशवाणीच्या संकेतधुनेचे श्रेय सामान्यतः वॉल्टर कॉफमन यांना दिले जाते. कार्ल्सबादमध्ये १९०७ साली जन्मलेले हे ज्यू संगीतकार नाझींच्या उदयानंतर १९३४ मध्ये मुंबईला आले आणि १९३७ ते १९४६ या काळात येथील आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. कुर्ट वाइल यांनी १९३३ मध्ये जर्मनी सोडली, ती त्याच वादळात. एक पॅरिसमार्गे अमेरिकेला गेला, दुसरा आपल्या शहरात आला. कॉफमन यांची पहिली पत्नी ही कादंबरीकार फ्रान्झ काफ्का याची भाची. शिवरंजनीची आठवण करून देणारी जी धून आपल्या आजी-आजोबांची सकाळ उघडत असे, तिच्यामागे युरोपातून परागंदा झालेले एक आयुष्य आहे, हे कळल्यावर ती पहिल्यासारखी ऐकू येत नाही.

१९.
शब्द असले तरी नाव टिकतेच असे नाही. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे १९ फेब्रुवारी २०२३ पासून आपले राज्यगीत आहे. गायक विचारला तर शाहीर साबळे हे नाव तत्काळ येते. संगीतकार विचारला, की थोडा वेळ जातो आणि मग श्रीनिवास खळे आठवतात. कवी विचारून पाहा. राजा बढे हे नाव सांगणारे मला अजून तरी थोडेच भेटले आहेत. गीत दरबारी झाले, पण रचणारा दाराबाहेरच राहिला. अज्ञानदासाने आपले नाव पोवाड्यातच का ओवले, ते येथे उमगते. गाणारे तोंड बदलले तरी शेवटचा चौक म्हणताना रचनाकाराचे नाव उच्चारल्याशिवाय सुटका नसे. ती सोय आधुनिक गीताने गमावली.

२०.
मग हे सारे मला इतके का लागते, ते सांगतो. मोहन्याच्या कामगार वसाहतीत गणपतीच्या दिवसांत आमच्या वस्तीवरचा एक पोवाडा म्हणत असत. नदी, पंपहाऊस, पहिल्या पाळीचा भोंगा, रात्रपाळीहून परतणारी माणसे, एका पुरात वाचवलेले एक पोर, असे सगळे त्यात होते. रचणारा कारखान्यातलाच कोणी कामगार होता. पुढे कारखाना बंद झाला, बिऱ्हाडे पांगली. माझ्या वडिलांना त्यातले दोन चौक अजून येतात. शेवटचा येत नाही. म्हणजे नेमका तोच चौक गेला, ज्यात त्याचे नाव असणार. गेली दोन वर्षे मी टिटवाळा, शहाड, उल्हासनगर येथे पांगलेल्या जुन्या शेजाऱ्यांना विचारत आहे. एकीने चाल गाऊन दाखवली, एकाने तिसरा चौक पुरवला. नाव अजून कोणी सांगितलेले नाही. कोंढाण्याच्या घोरपडीवर ग्रंथ लिहिले जातात. आमच्या पुरातल्या त्या पोराबद्दल शाहिराला काही विचारायचे तर शाहीरच सापडत नाही.

२१.
तुमच्याकडेही असे एखादे गाणे असेल. शाळेचे संचलनगीत, गावच्या जत्रेतली लावणी, मंडळाची आरती, संपाच्या काळात फाटकावर म्हटलेले कवन. पुढच्या वेळी एखाद्या गाण्यामागची रंजक माहिती फिरत फिरत तुमच्यापर्यंत आली, तर ती पुढे धाडण्याआधी दोन गोष्टी पाहा: गाण्याखाली सही आहे का, आणि त्या माहितीखाली आहे का. ज्या माहितीची जबाबदारी कोणीच घेतलेली नाही, तिला लाइटफूटसारखी ओळ बदलण्याची संधी कधीच मिळत नाही.

२२.
आणि घरात सत्तरी ओलांडलेले कोणी असेल, तर या आठवड्यात त्यांच्याजवळ बसा. गाणे पूर्ण येत नसले तरी चालेल. कोणी रचले, कोणत्या साली, कोणत्या निमित्ताने, एवढे विचारा आणि वहीत सांगणाऱ्याच्या नावासकट, तारखेसह उतरवून ठेवा. मिळालेली नावे या धाग्याखाली जरूर लिहा; मी ती एकत्र करीन. मोहन्याचा शेवटचा चौक कोणाला येत असेल, तर त्याची वाट पाहतो आहे.